फोर-के टीव्हीवर चित्र धुरकट का दिसतं? एचडी, १०८०आय, एचडीआर या शब्दांचा घरातला अर्थ

प्रश्न: आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. घरचा जुना २९ इंची डबा टीव्ही काढून ५० इंची फोर-के टीव्ही घेतला. राजारामपुरीतल्या दुकानात चित्र एकदम लखलखीत होतं. घरी मात्र बातम्या आणि मालिका धुरकट दिसतात, माणसं जाडी दिसतात आणि फुटबॉल तर बघवत नाही. बाबा म्हणतात, जुनाच बरा होता. खोक्यावर अल्ट्रा एचडी, एचडीआर१०, ६० हर्ट्झ असं बरंच काही लिहिलंय. सेट टॉप बॉक्स एचडीच आहे असं केबलवाले सांगतात. आमची फसवणूक झाली का? आणि या शब्दांचा नेमका अर्थ काय?

उत्तर:

फसवणूक झालेली नाही, टीव्ही परत करायला जाऊ नका. पण तुमच्या बाबांना जे दिसतंय तेही खरं आहे. छपरावर काट्यांचे अँटेना होते तेव्हापासून मी कोल्हापूर आणि आसपासच्या गावांत डिश, केबल आणि टीव्ही जोडायचं काम करतोय. मोठा टीव्ही घरी आला की हीच तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि बहुतेक वेळा दोष टीव्हीत नसतो. खोक्यावरचा आकडा एवढंच सांगतो की हा टीव्ही किती बारीक चित्र दाखवू शकतो. आत किती बारीक चित्र येतंय, ते त्या आकड्यात कुठेच नसतं. त्यासाठी वाहिनी, बॉक्स, वायर आणि सेटिंग बघावं लागतं.

तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींवरून मला जवळजवळ खात्री आहे की घोटाळा कुठे आहे. आधी डबा टीव्ही होता आणि आता माणसं जाडी दिसतात, या त्या दोन गोष्टी. बॉक्स काढून त्याच्या मागे बघा. पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन गोल पिनांची वायर लावलेली असेल, तर तेच कारण. डबा टीव्हीला तेवढीच जागा असायची, म्हणून बॉक्स त्या वायरने जोडलेला होता, आणि नवा टीव्ही आल्यावर तीच वायर उचलून नव्याला लावली गेली. लाल-पांढऱ्यातून आवाज जातो आणि सगळं चित्र एकट्या पिवळ्या वायरीतून. त्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. बॉक्स एचडी असला, वाहिनी एचडी असली, त्या वाहिनीचे पैसे दरमहा भरत असलात, तरी पिवळ्या पिनेतून बाहेर पडताना ते चित्र जुन्या साध्या मापाचं होऊनच पडतं.

बॉक्सच्या मागे एक चपटी, खालच्या बाजूला थोडी निमुळती खाच असेल. तिला एचडीएमआय म्हणतात. चित्र आणि आवाज दोन्ही त्या एकाच वायरीतून डिजिटल स्वरूपात जातात. ती वायर लावा, टीव्हीच्या रिमोटवर सोर्स किंवा इनपुट दाबून एचडीएमआय निवडा. सोन्याचा मुलामा दिलेली महागडी वायर घ्यायची गरज नाही. दीड-दोन मीटरच्या अंतरात साधी, धड बनवलेली वायर तेच चित्र देते.

मग बॉक्सच्या मेनूत जा. तिथे व्हिडिओ आउटपुट किंवा रिझोल्यूशन असं काहीतरी असेल आणि बहुधा ५७६ वर अडकलेलं असेल. ते १०८०आय करा, १०८०पी ५० असा पर्याय असेल तर तो चालेल. त्याच्याच खाली ॲस्पेक्ट रेशो म्हणजे चित्राची लांबी-रुंदी असते. जुन्या टीव्हीसाठी ती ४:३ ठेवलेली असणार, ती १६:९ करा. जुना पडदा चौकोनी वळणाचा होता आणि नवा आडवा आहे. चौकोनी चित्र आडवं ताणलं की माणसं जाडी होतात, एवढंच ते आहे. एचडी वाहिनी लावून टीव्हीच्या रिमोटवर इन्फोचं बटण दाबा. कोपऱ्यात ५७६ ऐवजी १०८० आलं की वायरीपुरतं काम झालं.

आता आकड्यांकडे येऊ.

चित्र ठिपक्यांचं बनतं, त्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. आपल्याकडे १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, तो पाल पद्धतीचा. त्यात एका चित्रात ६२५ आडव्या रेषा होत्या आणि त्यातल्या ५७६ रेषांत प्रत्यक्ष चित्र असायचं. प्रक्षेपण डिजिटल झालं तेव्हा तीच उंची ठेवली गेली: ७२० आडवे आणि ५७६ उभे ठिपके. याला एसडी म्हणतात. गुणाकार केला तर चार लाख चौदा हजार ठिपके होतात. एचडी रेडी म्हणून विकल्या जाणाऱ्या ३२ इंची टीव्हीत सहसा १३६६ बाय ७६८ म्हणजे साधारण साडेदहा लाख असतात. फुल एचडी १९२० बाय १०८० म्हणजे वीस लाखांच्या वर. तुमचा फोर-के, म्हणजेच अल्ट्रा एचडी, ३८४० बाय २१६० चा आहे, म्हणजे जवळपास ८३ लाख.

एसडीचे ठिपके फोर-केच्या ठिपक्यांत बसवा. बरोबर विसास एक असं प्रमाण पडतं. म्हणजे एसडी वाहिनी लावली की तुमच्या पडद्यावरच्या दर वीस ठिपक्यांमागे वाहिनीकडून आलेली माहिती एकाच ठिपक्याची असते, बाकीचे एकोणीस टीव्ही आजूबाजूला बघून अंदाजाने भरतो. याला अपस्केलिंग म्हणतात. चांगल्या टीव्हीतला प्रोसेसर हा अंदाज हुशारीने बांधतो, स्वस्तातला ढोबळपणे. पण जी माहिती आलीच नाही ती कोणताच टीव्ही निर्माण करू शकत नाही. बातम्यांच्या खालच्या पट्टीतली अक्षरं धुरकट दिसतात ती यामुळेच. जुन्या २९ इंची डब्याला हा त्रास नव्हता, कारण तो ५७६ रेषांसाठीच बनवलेला होता, पडदा लहान होता आणि काचेवरचा प्रकाश मुळातच मऊ असायचा. बाबांना जुनं चित्र बरं वाटतं त्यामागे हे कारण आहे.

म्हणून दुसरं काम वाहिनीचं. बऱ्याच मोठ्या मराठी वाहिन्या एसडी आणि एचडी अशा दोन्ही रूपांत येतात, पण दोन्हींचे क्रमांक वेगळे असतात. बाबांच्या बोटांना जुना क्रमांक पाठ असतो, त्यामुळे एचडीचे पैसे भरूनही बघितली जाते एसडी. टीव्हीवर नेमका कोणता क्रमांक लागलाय याची जरा खातरजमा करा. एचडी वाहिन्या रिमोटवर फेव्हरिटमध्ये टाकून द्या. पैसे भरताना हेही लक्षात ठेवा की एचडी वाहिन्यांचे पैसे वेगळे पडतात. त्यामुळे बघणार नसाल त्या एचडी वाहिन्या काढून टाका आणि रोजच्या चार-पाच तेवढ्या एचडीत घ्या.

एक गैरसमज इथेच दूर करतो. डिजिटल म्हणजे एचडी नव्हे. केबल डिजिटल करण्याचं काम देशभर २०१२ पासून २०१७ पर्यंत टप्प्याटप्प्याने झालं आणि घराघरांत बॉक्स आले, तेव्हा अनेकांनी त्यालाच एचडी मानलं. डिजिटल हा फक्त पाठवण्याचा प्रकार आहे: चित्र आकड्यांत बदलून पाठवायचं. त्यातून एसडीही येतं आणि एचडीही. पूर्वी सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण मुंग्यांतूनही मॅच दिसायची. डिजिटलमध्ये तसं नाही. सिग्नल पुरेसा असेपर्यंत चित्र पूर्ण स्वच्छ, जरा खाली गेला की चौकोन पडतात आणि मग सरळ काळा पडदा. त्यामुळे चित्र धुरकट असेल तर त्याचं खापर केबलच्या कमी सिग्नलवर फोडता येत नाही. कमी सिग्नलने चित्र तुटतं, धुरकट होत नाही.

फुटबॉलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण कोल्हापूरच्या फुटबॉलवेड्या पेठेत राहून फुटबॉल नीट दिसत नसेल तर टीव्हीचा उपयोग काय!

१०८० च्या मागे आय किंवा पी लागतं. पी म्हणजे प्रोग्रेसिव्ह, अख्खं चित्र एका दमात. आय म्हणजे इंटरलेस्ड, म्हणजे आधी एक सोडून एक अशा विषम रेषा आणि मग सम रेषा. आपल्याकडे सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं येतात. जेव्हा प्रक्षेपणाची जागा तोकडी होती तेव्हा निम्म्या माहितीत हालचाल गुळगुळीत दाखवायची ही युक्ती काढली गेली आणि क्रीडा वाहिन्या आजही मुख्यतः १०८०आय मध्येच येतात. सपाट पडद्याला मात्र अख्खंच चित्र लागतं, म्हणून टीव्ही किंवा बॉक्स या दोन अर्ध्यांची जोडणी करतो. दोन अर्ध्यांमध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग गेलेला असतो आणि जोरात मारलेला चेंडू तेवढ्यात फूट-दीड फूट सहज सरकलेला असतो. जोडणी नीट झाली नाही तर चेंडूच्या आणि धावणाऱ्या खेळाडूच्या कडांना कंगव्याचे दात दिसतात. बॉक्सवर १०८०आय ठेवलं की हे काम टीव्ही करतो, १०८०पी ठेवलं की बॉक्स करतो. नव्या टीव्हीचा प्रोसेसर सहसा बॉक्सपेक्षा चांगला असतो, म्हणून मी आधी १०८०आय सांगितलं. दोन्ही लावून एकच मॅच पाच-पाच मिनिटं बघा, फरक डोळ्यांनाच कळेल.

हर्ट्झचा आकडा म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो ते. आपलं प्रक्षेपण ५० चं आहे. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, त्यावरूनच हा आकडा टीव्हीत आला. खोक्यावर ६० लिहिलेला टीव्ही ५० चं चित्रही घेतो, त्यात अडचण नाही. अडचण येते ती बॉक्सच्या मेनूत कोणी ६० चा पर्याय ठेवला की. मग ५० चित्रांतून ६० बनवताना दर पाच चित्रांमागे एक दोनदा दाखवावं लागतं आणि कॅमेरा मैदानावरून फिरताना बारीक झटके जाणवतात. बॉक्सला ५० वरच ठेवा.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये मोशन या नावाने सुरू होणारं काहीतरी असेल, प्रत्येक कंपनीचं नाव निराळं. ते चालू असलं की टीव्ही दोन चित्रांच्या मधली चित्रं स्वतः कल्पनेने तयार करतो. फुटबॉलमध्ये त्याचा घोळ होतो. खेळाडूच्या पायांत चेंडू आला की टीव्हीला पाय कुठे संपतो आणि चेंडू कुठे सुरू होतो ते कळत नाही आणि चेंडू क्षणभर गायब होतो. तुमचं "फुटबॉल बघवत नाही" हे बहुतेक याच कारणाने आहे. ते बंद करा किंवा अगदी कमीवर ठेवा. चित्रपटांसाठी तर मी ते बंदच ठेवायला सांगतो, कारण सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर काढलेला असतो आणि या सेटिंगमुळे तो मालिकेसारखा दिसायला लागतो.

चित्रात चौकोन पडण्याचं आणखी एक कारण आहे आणि त्यावर घरून काही करता येत नाही. एचडी चित्र जसंच्या तसं पाठवायचं तर सेकंदाला जवळपास दीड अब्ज बिट, म्हणजे माहितीचे सगळ्यात लहान तुकडे, लागतात. वाहिनीच्या वाट्याला प्रत्यक्षात येतात ते काही दशलक्ष. म्हणजे शेकडो पटींनी दाबून चित्र पाठवावं लागतं, याला कॉम्प्रेशन म्हणतात. जे हलत नाही ते पुन्हा पाठवायचं नाही, हे त्यातलं मुख्य तत्त्व. बातम्या देणारी व्यक्ती खुर्चीत बसलेली असते, मागचा देखावा तोच, त्यामुळे काम सोपं. फुटबॉलमध्ये हिरवळीचं पातं न् पातं कॅमेऱ्याबरोबर हलतं, म्हणून दाबणं सगळ्यात अवघड. कॉर्नरच्या वेळी कॅमेरा झरकन फिरला की गवताचा हिरवा लगदा होतो, तो या तुटपुंज्या बिटांमुळे. दोन वाहिन्या कागदावर १०८०आय असूनही एक स्वच्छ आणि दुसरी चिखल का दिसते, याचं उत्तरही हेच. एचडी हा शब्द ठिपक्यांची संख्या सांगतो, एका ठिपक्यावर किती माहिती खर्च केली ते सांगत नाही.

एमपेग-२, एमपेग-४, एचईव्हीसी ही या दाबण्याच्या पद्धतींची नावं, क्रमाने नवी आणि जास्त कार्यक्षम. जुना एमपेग-२ चा बॉक्स एमपेग-४ ची वाहिनी उघडू शकत नाही. डीडी फ्री डिशचा जुना बॉक्स असलेल्या नातेवाइकांना काही वाहिन्या दिसत नाहीत, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

दुकानात चित्र लखलखीत का होतं, हेही आता कळलं असेल. तिथे केबल लावलेली नव्हती. टीव्हीच्या आत किंवा पेन ड्राइव्हवर कंपनीने दिलेली फोर-के चित्रफीत असते, भरपूर बिटांची, आणि रंगांचं सेटिंग व्हिव्हिड. पुढच्या वेळी कोणाबरोबर टीव्ही घ्यायला गेलात तर दुकानदाराला सांगा, घरी बघतो ती वाहिनी लावून दाखवा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. घरी व्हिव्हिडऐवजी सिनेमा किंवा स्टँडर्ड ठेवा आणि शार्पनेस शून्याच्या जवळ आणा. शार्पनेस वाढवून माहिती वाढत नाही, कडांना पांढऱ्या रेघा येतात आणि एसडी वाहिनी आणखी खराब दिसते.

एचडीआरचा ठिपक्यांशी संबंध नाही, उजेडाशी आहे. शाहू स्टेडियमवर दुपारची मॅच बघताना अर्धं मैदान उन्हात आणि अर्धं सावलीत असलं तरी डोळ्यांना दोन्हीकडचे खेळाडू दिसतात. साध्या टीव्ही चित्रात दोन्ही सांभाळता येत नाही, एकतर ऊन पांढरं फटक होतं किंवा सावली काळी ठिक्कर. एचडीआरमध्ये उजेडाच्या जास्त पायऱ्या साठवता येतात. साधं चित्र आठ बिटांचं, त्यात एक कोटी ६७ लाख छटा. एचडीआरचं दहा बिटांचं, त्यात १०७ कोटी. एचडीआर१० मध्ये उजेडाची सूचना संपूर्ण चित्रपटासाठी एकच असते, डॉल्बी व्हिजनमध्ये ती प्रसंगागणिक बदलते. पण हा उजेड पडद्याला दाखवता आला पाहिजे. उजेड मोजायचं माप निट. स्वस्त फोर-के टीव्ही अडीचशे-तीनशे निटांच्या आसपास थांबतात, तर एचडीआरचा परिणाम जाणवायला सहाशे-हजारची ताकद हवी. खोक्यावरच्या एचडीआरचा अर्थ बऱ्याचदा एवढाच की टीव्हीला ती फाइल वाचता येते. आणि नेहमीच्या केबल-डिशच्या वाहिन्या एचडीआरमध्ये येत नाहीत. ओटीटीवर फोर-के आणि एचडीआर मिळतं, तेही महागडा प्लॅन घेतला आणि इंटरनेट १५ ते २५ मेगाबिटचा टिकून राहिला तर. राउटर आतल्या खोलीत आणि मध्ये दगडी भिंत असेल, पेठेतल्या जुन्या घरांत ती असतेच, तर वाय-फायवर विसंबू नका, लॅनची, म्हणजे राउटरपासून थेट टीव्हीत येणारी इंटरनेटची वायर ओढून घ्या.

तुमचा फोर-के वाया गेला का? ५० इंची पडद्याची उंची सुमारे ६२ सेंटिमीटर असते. सामान्य नजरेच्या माणसाला एवढ्या पडद्यावर फुल एचडीचा बारकावा पूर्ण दिसायला साधारण साडेसहा फुटांवर बसावं लागतं आणि फोर-केचा पूर्ण बारकावा दिसायला त्याच्याही निम्म्यावर. आपल्या हॉलमध्ये सोफा नऊ-दहा फुटांवर असतो. तिथून चांगलं फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक जवळजवळ कळत नाही, आणि एसडी आणि एचडी यांतला ठळक कळतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पैसे घालायचे तर आधी एचडी वाहिन्यांत घाला. फोर-के आज सगळ्याच मोठ्या टीव्हींत येतं, ते आहे तर असू द्या.  

डिश असलेल्यांसाठी पावसाचं सांगतो. डिशचा सिग्नल केयू बँडचा, म्हणजे फार उंच वारंवारतेचा असतो आणि जोराचा पाऊस तो वाटेतच शोषतो. गगनबावड्याकडे जुलैत हे रोजचंच. बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. बघायची ती क्वालिटी. स्ट्रेंथ भरलेली आणि क्वालिटी खाली असेल तर सिग्नल येतोय पण गढूळ येतोय. ऊन असतानाही तसंच असेल तर आधी डिशवरच्या एलएनबीला, म्हणजे डिशच्या समोर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, लागलेली पिन उघडून बघा. पिनेवर रबरी टोपी नसेल तर पावसाचं पाणी आत जातं, तांब्याची तार काळी पडते आणि तारेभोवतीच्या जाळीवर गंज चढतो. तेवढी पिन कापून नवी लावली की पट्टी वर येते. एचडी वाहिन्या आधी जातात आणि एसडी चालू राहतात, असंही बऱ्याचदा होतं. एचडी ज्या पद्धतीने पाठवतात तिला स्वच्छ सिग्नल जास्त लागतो, म्हणून.

एचडीएमआय लावल्यावर एखाद्या वाहिनीवर चित्र येईल आणि आवाज येणार नाही, किंवा संगीत मोठं आणि बोलणं बारीक ऐकू येईल. घाबरू नका. बॉक्स डॉल्बीचा आवाज पाठवत असतो आणि टीव्हीच्या दोन स्पीकरांना तो नीट उलगडत नाही. बॉक्सच्या ऑडिओ मेनूत पीसीएम किंवा स्टिरिओ निवडा. बाबांना संवाद स्पष्ट ऐकू येतील.

आणि वळवाच्या दिवसांत, ढग गडगडायला लागले की नुसतं रिमोटने बंद करून सोडू नका. टीव्ही आणि बॉक्स दोघांचे प्लग काढा आणि छपरावरून येणारी केबलही बॉक्समधून सोडवा. जवळ वीज पडली की दाब त्या केबलमधून बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयच्या वायरीने टीव्हीत शिरतो. मे महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या टीव्हींत एचडीएमआयची खाच जळालेले टीव्ही हमखास असतात, आणि त्या दुरुस्तीत बहुतेक वेळा अख्खा मदरबोर्ड बदलावा लागतो.